एक इंच एक सूत : जुन्या फ्रेमला सीटपोस्ट बसवण्याचे पर्याय

जुन्या स्टीलच्या सायकलला सीटपोस्ट (फ्रेममध्ये शिरणारा, सीट धरणारा दांडा) घ्यायला गेलं की दुकानदार आधी विचारतो, ‘लांबी किती?’ लांबी नंतर बघता येते. मुख्य गोष्ट जाडीची, आणि ती ०.२ मिलिमीटरच्या पायऱ्यांत मोजायची असते. २६.४, २६.६, २६.८, २७.० आणि २७.२ हे पाच पोस्ट टेबलावर शेजारी ठेवले तर डोळ्यांना एकसारखे दिसतील. फ्रेममध्ये घातले की त्यातला एकच बरोबर बसतो. बाकीचे एकतर खिळखिळे राहतात, नाहीतर शिरतच नाहीत, किंवा (हे सगळ्यांत वाईट) जोर लावला की शिरतात.

इथे पाच पर्याय पारखले आहेत: नेमक्या मापाचा नवा अ‍ॅलॉय पोस्ट, जुन्या साठ्यातला पोस्ट, गल्लीतल्या दुकानातला स्टीलचा सीट पिलर, शिम (मधली फट भरणारी पातळ नळकांडी) लावून बारीक पोस्ट, आणि लेथवर उतरवून घेतलेला पोस्ट. निकाल आधीच सांगून टाकतो. नेमकं माप मिळत असेल तर कॅलॉय उनोसारखा साधा पोस्ट घ्या, महागड्याची गरज नाही. मिळत नसेल आणि फरक ०.६ मिमी किंवा जास्त असेल तर बनवलेली शिम घ्या. फरक ०.२ ते ०.४ असेल तर लेथ. पोस्टला कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा गुंडाळणं हा उपाय घरी पोहोचेपर्यंतच.

मापं अशी विचित्र का, ते कळल्याशिवाय खरेदी नेहमी चुकते. इंग्लिश आणि इटालियन पद्धतीच्या बहुतेक स्टील फ्रेमच्या सीट ट्यूबचा (पोस्ट जिच्यात शिरतो त्या उभ्या नळीचा) बाहेरचा व्यास २८.६ मिमी असतो, म्हणजे आपल्या कारागिरांच्या भाषेत एक इंच एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). बाहेरचं माप ठरलेलं, पण नळीची भिंत किती जाड हे नळीच्या दर्जावर. चांगली नळी पातळ, म्हणून आतली जागा मोठी. त्यामुळे पोस्ट जितका जाड तितकी फ्रेम बहुधा वरच्या दर्जाची. जुनी फ्रेम विकत घेताना पारखी माणूस स्टिकरच्या आधी सीटपोस्टचं माप बघतो, ते यासाठीच. स्टिकर दुसरा लावता येतो.

हिशेब सोपा आहे. २८.६ मधून भिंतीची जाडी दोनदा वजा करा आणि बसण्यासाठी ०.२ सोडा. वरच्या टोकाला भिंत ०.६ मिमी असेल तर २७.२ चा पोस्ट, ०.७ असेल तर २७.०, ०.८ ला २६.८, ०.९ ला २६.६, आणि पूर्ण १ मिमीच्या साध्या नळीला २६.४. इटलीच्या कोलंबस कंपनीच्या एसएल नळीत सीट ट्यूबची भिंत खाली ०.९ आणि वर ०.६, म्हणून तिला २७.२. कोलंबस एसपी थोडी जाड, तिला २७.०. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सची ५३१ नळी १९३५ मध्ये आली. तिची भिंत इंग्लिश गेजमध्ये मोजली जाई. सीट ट्यूबला वर २४ गेज, म्हणजे साधारण ०.५६ मिमी, आणि तिथेही पोस्ट २७.२ चाच. इंग्लिश रोडस्टरची (रोजच्या वापराच्या दणकट सायकलची) नळी मात्र जाड, त्यामुळे रॅली स्पोर्ट्ससारख्या तीन गिअरच्या सायकलीला २५.४, म्हणजे बरोबर एक इंच.

फ्रेंच फ्रेम आली की हा तक्ता बाजूला ठेवायचा. जुन्या फ्रेंच फ्रेमची नळी बाहेरून २८.० असते. ०.६ भिंतीला आपला हिशेब २६.६ सांगतो, पण प्यूजोच्या पीएक्स-१० या रेसिंग सायकलला सहसा २६.४ लागतो. पितळेने जोड देताना लगजवळची (लग म्हणजे नळ्या जोडणारी बाही) नळी तापते, किंचित आकसते, कधी आत पितळ उतरतं. ‘५३१ लिहिलंय म्हणजे २७.२’ असं म्हणून फ्रेंच फ्रेमला पोस्ट मागवणारे पैसे आणि महिनाभर दोन्ही घालवतात. व्हिटस ९७९ ही चिकटवलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची फ्रेम १९८० च्या दशकात आयरिश सायकलपटू शॉन केलीमुळे गाजली. तिला २५.० चा पोस्ट लागतो. श्विनच्या जुन्या अमेरिकन व्हर्सिटीला फक्त १३/१६ इंच, म्हणजे साडेसहा सूत. हिशेब अंदाजापुरता. ऑर्डर मात्र मोजल्यावरच द्यायची.

मोजायचं कसं

फ्रेममधून निघालेल्या पोस्टवरचा आकडा पुरावा म्हणून धरू नका. चाळीस वर्षांत त्या सायकलचे तीन मालक झाले असतील आणि त्यातल्या एकाने हाताला लागेल तो पोस्ट ठोकला असेल. सीट ट्यूबच्या तोंडाशी पोस्ट आवळणाऱ्या क्लॅम्पचे कान (ज्यांतून बोल्ट जातो) बघा. बरोबर पोस्टवर कान एकमेकांना समांतर राहतात आणि मधली चीर वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीची दिसते. कान वरच्या बाजूला जवळ आले असतील, चीर ‘V’सारखी दिसत असेल, तर तिथे बारीक पोस्ट आवळून वापरला गेलाय हे नक्की.

याचं गणित एकदा करून बघण्यासारखं आहे. व्यास ०.२ मिमी कमी करायचा तर परीघ ०.६ मिमीने आवळावा लागतो. ०.४ साठी सव्वा मिमी. १ मिमी बारीक पोस्ट धरायचा तर चीर ३.१ मिमीने मिटायला हवी, आणि बऱ्याच फ्रेमची चीर मुळात तेवढी रुंदही नसते. कान एकमेकांना टेकले की बोल्ट कितीही आवळा, जोर पोस्टवर जातच नाही. तो कानांवर जातो, आणि कान जिथे लगला जोडलेले आहेत तिथून फाटतात. पोस्टला मुळात नळीची बसणी धरून ठेवते. क्लॅम्पचं काम उरलेली पातळ फट मिटवण्याएवढंच आहे.

आतून मोजण्यासाठी व्हर्निअर पुरतो, पण त्याचे आतल्या मापाचे जबडे आखूड असतात. ते नेमकं तोंडाजवळचंच माप घेतात, आणि तोंड तर आवळून वाकडं झालेलं असतं. म्हणून दोन मापं घ्या: एक पुढून मागे, एक डावीकडून उजवीकडे. दोन्हींत ०.२ पेक्षा जास्त फरक असेल तर तोंड अंडाकृती आहे, आधी ते सरळ करा. खरं माप तोंडापासून ३०-४० मिमी खाली मिळतं. तिथे टेलिस्कोपिक गेज घालून लॉक करायचा, किंचित तिरका करून बाहेर काढायचा आणि मायक्रोमीटरवर वाचायचा. कुठल्याही टूलरूममध्ये हा गेज असतो.

यापेक्षा बरा उपाय म्हणजे पायऱ्यांचा गेज. टर्नरकडून अ‍ॅल्युमिनियमच्या सळईवर २६.० ते २७.२ पर्यंत ०.२ च्या सात पायऱ्या काढून घ्यायच्या, प्रत्येक पायरी २५ मिमी लांब. एकूण १७५ मिमीची काठी होते. बारीक टोकाकडून आत सारायची, आणि जी सगळ्यांत जाड पायरी हलक्या हाताने पूर्ण आत जाते ते तुमचं माप. जुन्या सायकली जमवणाऱ्या चार मित्रांत मिळून अशी एक काठी असली की पुन्हा व्हर्निअरवर वाद होत नाहीत.

मोजण्याआधी नळी साफ हवी. आत गंजाची पापडी किंवा जुनं चिकट ग्रीस असेल तर माप ०.१ ते ०.२ ने कमी येतं, म्हणजे एक पूर्ण पायरी चुकते. केरोसीनमध्ये भिजवलेली चिंधी काठीला गुंडाळून फिरवा, मग ८० नंबरचा एमरी पेपर. चिरेच्या खालच्या टोकाला बहुतेक वेळा बर (कापताना उरलेली धातूची धारदार कड) राहिलेला असतो. तो अर्धगोल कानशीने काढा, नाहीतर नव्या पोस्टवर पहिल्याच दिवशी उभा ओरखडा पडतो.

नेमक्या मापाचा नवा पोस्ट

कॅलॉय ही तैवानची कंपनी, आणि तिचे उनो नावाचे पोस्ट या कामासाठी सगळ्यांत उपयोगी आहेत. कारण दिसणं नाही. कारण असं की बाकीच्या कंपन्यांनी २७.२, ३०.९ आणि ३१.६ वर गाडी थांबवली असताना कॅलॉय अजून मधली मापं बनवते. डोकं एका बोल्टचं, खाली सीटच्या सळ्या धरणारा दातांचा पाळणा. दात असल्यामुळे सीटचा कोन पायऱ्यांनी बदलतो, हवा तिथे थांबत नाही. ज्यांना सीटचं नाक एक अंश वर-खाली झालेलं कळतं, त्यांची यावर चिडचिड होईल. बाकी तक्रार नाही. बसवताना डोक्याच्या बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावा. कोरड्या आट्या हाताला घट्ट लागतात, पण पाळणा पूर्ण आवळलेला नसतो आणि पहिल्याच खड्ड्यात नाक वर जातं.

अमेरिकेतल्या मेकन, जॉर्जिया इथल्या थॉमसनचा एलीट हा पोस्टसुद्धा बऱ्याच आडव्या मापांत मिळतो. त्याला दोन बोल्ट, एक पुढे एक मागे, त्यामुळे कोन अगदी बारीक लावता येतो. घडणही फार नेटकी. पण किंमत बघता साध्या रोडस्टरला तो लावणं म्हणजे शेणाने सारवलेल्या ओट्यावर ग्रॅनाइट टाकण्यासारखं. पातळ नळीच्या चांगल्या फ्रेमवर, रोजच्या लांब पल्ल्याला, पैसे वसूल होतात. रंगाने तो बहुतेक काळा किंवा फिका चांदी दिसतो, आणि १९७० च्या दशकातल्या क्रोमच्या लगवर काळा पोस्ट डोळ्यात खुपतो. जपानच्या निट्टोचे पॉलिश केलेले पोस्ट तिथे शोभतात. पण निट्टो घेताना मापाबरोबर सेटबॅकही (पोस्ट सीटला किती मागे धरतो ते) बघा. ब्रूक्सच्या बी१७ सारख्या कातडी सीटच्या सळ्यांना सरकवायला फार जागा नसते, त्यामुळे सरळ पोस्टवर ती हवी तेवढी मागे जात नाही.

जुन्या साठ्यातला पोस्ट

काळाला धरून सायकल उभी करायची असेल तर कॅम्पाग्नोलोचा दोन बोल्टांचा पोस्ट किंवा एसआर लाप्राडसारखा पन्हळींचा एकसंध पोस्ट शोधला जातो. माप बहुधा खालच्या भागावर ठोकलेलं असतं, तरी व्हर्निअर लावाच. जुन्या पोस्टवर आधीच्या क्लॅम्पची गोल कडी उमटलेली असते आणि तिथे व्यास ०.१ ते ०.२ ने कमी झालेला सापडतो. तुमचा क्लॅम्प नेमका तिथेच येणार असेल तर तो पोस्ट घेऊ नका. काचेवर लोळवून बघा, वाकलेला असेल तर लगेच डुगडुगतो. डोक्याच्या मुळाशी नखाने चाचपा. केसाएवढी चीरही नखाला लागते, आणि ती असेल तर पोस्ट कपाटात शोभेला ठेवा, सायकलवर नको.

पन्हळींच्या पोस्टबद्दल एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत. पन्हळ क्लॅम्पच्या खालपर्यंत गेली तर तिच्यातून पावसाचं पाणी सरळ सीट ट्यूबमध्ये उतरतं आणि खाली बीबीच्या (पॅडलचा आस जिथे फिरतो त्या भागाच्या) बेअरिंगवर जाऊन बसतं. सह्याद्रीच्या पावसात अशी सायकल चालवायची असेल तर पन्हळ क्लॅम्पच्या वरच संपेल एवढा पोस्ट खाली घालता येतो का बघा, किंवा पन्हळीत जाड ग्रीस भरा.

स्टीलचा सीट पिलर

गल्लीतल्या सायकलवाल्याकडे मिळणारा क्रोमचा सरळ पिलर अनेकांना कमी प्रतीचा वाटतो. रोडस्टरसाठी तोच योग्य आहे. खाली एक इंच, वरचं टोक उतरवून सात सूत, म्हणजे २२.२ मिमी, आणि त्यावर सीटचा स्वतःचा क्लॅम्प. स्प्रिंगच्या सीटला हेच लागतं. ब्रूक्स बी६६ सारख्या दुहेरी सळ्यांच्या सीटलाही हाच, कारण नव्या पोस्टच्या पाळण्यात दोन सळ्यांची जोडी बसत नाही.

घेताना मात्र दोन गोष्टी बघा. क्रोमचा थर कमी-जास्त असतो, म्हणून एकाच डब्यातल्या चार पिलरवर व्हर्निअर लावला की चार आकडे येऊ शकतात. त्यातला जाड निवडा. दुसरं, आत डोकावून शिवण बघा. स्वस्त पिलर पत्रा वळवून जोडलेले असतात आणि शिवण कच्ची असेल तर उंच काढलेला पिलर क्लॅम्पच्या वर वाकतो. लांब पायांच्या माणसाने हा पिलर पूर्ण उंचीवर चालवू नये. बरेच पिलर आखूड असतात, आणि त्यांवर ‘इथपर्यंतच’ अशी रेघही नसते.

शिम

शिम म्हणजे चिरलेली नळकांडी, बारीक पोस्ट आणि मोठं भोक यांच्यामध्ये बसणारी. ब्रिटनची यूएसई आणि अमेरिकेची प्रॉब्लेम सॉल्व्हर्स या नावांनी त्या मापवार मिळतात. २५.४ चा पोस्ट आणि २६.६ चं भोक, म्हणजे शिमची भिंत ०.६. २७.२ चा पोस्ट २८.६ मध्ये, भिंत ०.७. यात फायदा असा की बारीक मापाचा एक चांगला पोस्ट घ्या आणि सायकल बदलली की फक्त शिम बदला.

मर्यादाही याच गणितातून निघते. २६.४ च्या पोस्टला २६.६ करायला भिंत ०.१ लागेल. एवढी पातळ शिम आत सारताना दुमडते. म्हणून फरक ०.६ च्या खाली असेल तर शिमचा विचार सोडा. शिम घेताना वरच्या टोकाला कॉलर असलेलीच घ्या, नाहीतर पहिल्याच वेळी पोस्ट खाली केला की शिम त्याच्याबरोबर नळीत जाते आणि मग लांब चिमट्याने मासेमारी. लांबी किमान ८० मिमी हवी. त्याहून आखूड शिमवर पोस्ट फक्त तोंडाशी धरला जातो आणि खालचं टोक आत आपटत राहतं, पॅडलला जोर दिला की टक-टक. पातळ शिमची चीर कुठे आली याने फारसा फरक पडत नाही. भिंत १ मिमीहून जाड असेल तर तिची चीर फ्रेमच्या चिरेसमोर आणा, म्हणजे दोन्ही एकत्र मिटतात.

डब्याच्या पत्र्याबद्दलही सांगतो, कारण तो सगळीकडे सुचवला जातो. अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याची भिंत साधारण ०.१ मिमी असते, म्हणून एक वेढा व्यासात नेमकी ०.२ ची भर घालतो. कागदावर अगदी चपखल. प्रत्यक्षात पत्रा आत जाताना कडेला सुरकुततो, सुरकुती तिथेच दाबली जाते, आणि पोस्टचा सगळा भार त्या दोन-तीन सुरकुत्यांवर येतो. किरकिर सुरू होते, मग ग्रीस, मग घसरण.

लेथ

महाराष्ट्रात हा पर्याय परदेशापेक्षा खूप सोपा आहे, आणि त्याचा पुरेसा वापर होत नाही. पुण्याजवळ भोसरी, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर, अशा ठिकाणी लेथ रस्त्याला लागून आहेत. बाजारात सहज मिळणारा २७.२ चा अ‍ॅलॉय पोस्ट २७.०, २६.८ किंवा २६.६ वर उतरवून घेणं हे अर्ध्या तासाचं काम आहे, नीट सांगितलं तर.

आधी पोस्टची भिंत मोजा. २७.२ वरून २६.६ वर आलं की भिंतीतून ०.३ मिमी जातं. भिंत २ मिमी किंवा जास्त असेल तर हरकत नाही. दीड मिमीच्या हलक्या पोस्टला लेथवर चढवू नका. थॉमसन एलीटला तर मुळीच नाही. त्याचं आतलं भोक लंबगोल आहे, पुढे-मागे भिंत जाड आणि दोन्ही बाजूंना पातळ. बाहेरून गोल उतरवलं की बाजूची पातळ भिंत आणखी पातळ होते. कार्बनचा पोस्ट लेथवर नेणाऱ्याला कोणीतरी घरी परत पाठवावं.

टर्नरला सुतात सांगू नका, एका सुतात ०.२ च्या जवळजवळ सोळा पायऱ्या मावतात. कागदावर लिहून द्या: २६.६०, वर शून्य, खाली ०.०५. नुसतं ‘२६.६ कर’ म्हटलं तर २६.४५ येऊ शकतं आणि मग तो पोस्ट २६.४ च्या सायकलला शोधत फिरतो. चकमध्ये पोकळ नळी धरली की ती तीन जागी चेपते. म्हणून आत घट्ट बसणारा लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा गट्टू घालायला सांगा आणि दुसऱ्या टोकाला फिरतं सेंटर. पोस्टच्या डोक्यामुळे तो चकमध्ये उलटा धरता येत नाही, त्यामुळे सेंटर डोक्याकडे कसं लागेल हे आधी टर्नरबरोबर ठरवा. पाळणा सुटा होणारा पोस्ट निवडला तर काम सोपं होतं.

सगळ्यांत जास्त चूक होते ती उतरवलेला भाग जिथे संपतो तिथे. टर्नर सवयीने काटकोनी पायरी सोडतो. ती पायरी क्लॅम्पच्या जरा वर येते, म्हणजे जिथे पोस्ट सगळ्यांत जास्त वाकतो तिथेच, आणि तडा त्या कोपऱ्यातून सुरू होतो. म्हणून तिथे हळूहळू चढणारा उतार हवा, आणि शेवटचा हात ४०० नंबरच्या एमरीने. फिरवताना राहिलेल्या टूलच्या खुणा हीसुद्धा तड्याची बीजं. सीटची उंची पुढे बदलणार असेल तर उतरवलेला भाग क्लॅम्पच्या ३० मिमी वरपर्यंत न्या.

एक किंमत मोजावी लागते. अ‍ॅनोडायझिंगचा थर निघून जातो. उघडं अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या नळीत बसलं की गंजण्याचा वेग वाढतो, म्हणून असा पोस्ट वर्षातून दोनदा काढून ग्रीस लावायचाच.

उलट बाजूने, फ्रेमच रीमर फिरवून मोठी करायची, हा मार्ग शक्यतो टाळा. ०.२ मोठं करताना भिंतीतून ०.१ जातं. १ मिमीच्या नळीला ते चालून जाईल, ०.६ च्या नळीचा तो सहावा हिस्सा आहे. गंज आणि पितळ काढण्यापुरता ड्रिलला लावायचा होन (नळी आतून घासणारं हत्यार) वापरा आणि थांबा. पोस्ट बदलता येतो, फ्रेम एकच आहे.

बसवताना

क्लॅम्प पूर्ण सैल, नळी आणि पोस्ट स्वच्छ पण कोरडे. पोस्ट हाताने, किंचित फिरवत, सारख्या विरोधाने आत जायला हवा. स्वतःच्या वजनाने धपकन खाली गेला तर बारीक आहे. हातोडी शोधावी लागली तर जाड आहे. ८० मिमी आत घालून, क्लॅम्प न आवळता, सीट पुढे-मागे ढकला. तोंडाशी पोस्ट हललेला दिसता कामा नये.

ही चाचणी पार पडल्यावर ग्रीस, पोस्टवर नाही तर नळीच्या आत, पातळ थर. आत किती घालायचा याला दोन अटी आहेत आणि दोन्ही पाळायच्या. पोस्टवरची रेघ फ्रेमच्या आत, आणि पोस्टचं खालचं टोक टॉप ट्यूबच्या (वरच्या आडव्या नळीच्या) जोडाच्या खालच्या कडेच्याही खाली. मोठ्या मापाच्या फ्रेममध्ये सीट ट्यूब जोडाच्या वर बरीच निघालेली असते, तिथे नुसत्या रेघेवर विसंबलं तर नळी जोडापाशी मोडते. साधारण व्यासाच्या अडीच पट, म्हणजे २७.२ ला ६८ मिमी, हा तळ समजा. वरची मर्यादाही आहे: बाटलीच्या स्टँडचे नट नळीच्या आत डोकावतात, लांब पोस्ट त्यांना घासतो. अडला की ठोकू नका, खालून कापा.

जुन्या लगच्या क्लॅम्पला ५ ते ७ न्यूटन-मीटर पुरतात. आखूड हाताच्या ५ मिमी अ‍ॅलन कीने मनगटाचा जोर, खांद्याचा नव्हे. बोल्ट जुना, वाकलेला, आट्या झिजलेला असेल तर तोच आधी बदला. बऱ्याचदा ‘पोस्ट घसरतो’ ही तक्रार बोल्टची निघते. मग क्लॅम्पच्या वर पोस्टला इलेक्ट्रिकची टेप गुंडाळा आणि २०-३० किमी चालवा. टेप तोंडाला चिकटून सुरकुतली असेल तर पोस्ट उतरतोय.

अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट आणि स्टीलची नळी यांत पाणी आणि मीठ आलं की पांढरी भुकटी धरते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून पोस्ट आतून पाचर मारल्यासारखा बसतो. कोकणात आणि गोव्यात, समुद्राच्या हवेत, एका पावसाळ्यातही असं होऊ शकतं. घरात ट्रेनरवर (सायकल एका जागी चालवायच्या स्टँडवर) घाम गाळणाऱ्यांच्या सायकलीलाही हेच होतं, घाम खारटच. तेव्हा मे अखेरीला एकदा आणि दिवाळीच्या सुमाराला एकदा पोस्ट बाहेर काढा, पुसा, ग्रीस लावा. उंचीसाठी टेपची खूण आहेच. सायकल पाच मिनिटं उलटी धरा, नळीतून पाणी आलं तर बीबीही उघडायला हवं.